नऊ तासांची खुर्ची

तिने पट्ट्याचं बक्कल लावलं आणि खुर्ची डुगडुगत नाही ना, ते एकदा हलवून पाहिलं. पट्टा नवऱ्याच्याच पँटचा होता, खुर्ची जेवणाच्या टेबलाची.

"सुटलं का विमान?" त्याने विचारलं.

"सुटलं. नऊ वाजले. आणि तो फोन इकडे द्या, विमानात बंद असतो."

सात हजार दोनशे किलोमीटर, नऊ तास. परदेशी राहणाऱ्या लेकीने सांगितलेले हे आकडे दोन महिने घरात ठाण मांडून बसले होते. एकतीस वर्षं बस चालवून त्याच्या कमरेची पार वाट लागली होती. एका जागी तीन तास बसलात तरी पुष्कळ, असं डॉक्टर म्हणाले आणि गडी हट्टाला पेटला. घरी नऊ तास बसून दाखवीन, मगच तिकीट काढायचं. मध्येच कळ आली तर काय हवेत गाडी बाजूला घ्यायची?

पहिल्या खेपेला साडेचार तास झाले, दुसऱ्या खेपेला सात. आज नाही जमलं तर जाण्याचं नाव काढायचं नाही, हे त्याने सकाळीच बजावलं होतं. नात अडीच वर्षांची झाली, तरी अजून फोनच्या काचेपलीकडेच होती. आजीचा जीव तीळ तीळ तुटायचा.

जेवण तिने मांडीवर ट्रेमध्ये दिलं.

"हवाईसुंदरी जरा वयस्कर दिसते," तो म्हणाला.

"प्रवासी कुठे कोवळा लागून गेलाय? जेवा गुमान."

दोन वाजेपर्यंत थट्टा चालली. मग तो खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी आवळून बसला. तीनच्या सुमारास त्याला डुलकी लागली तेव्हा तिला राहवेना. स्टुलावर चढून तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि काटा पाऊण तास पुढे सरकवला. कुणाला फसवायची सवय नाही, ते परत खिळ्याला अडकवताना तिने दोनदा त्याच्याकडे वळून पाहिलं.

घड्याळात सहा वाजले तशी ती लगबगीने पुढे आली.

"पोहोचलात हो. उतरा आता."

त्याने बक्कलाला हात घातला. तेवढ्यात समोरच्या शाळेची घंटा झाली आणि पोरं कलकलाट करत बाहेर पडली. शाळा रोज सव्वापाचला सुटते, हे गल्लीतल्या मांजरालाही ठाऊक होतं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं, भिंतीवर पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

त्याने बक्कलावरचा हात काढून घेतला.

"खाली गर्दी दिसतेय," तो म्हणाला. "पाऊण तास घिरट्या घालाव्या लागतील."

"अहो, पण कंबर..."

"दुखतेय. तू बस इथे शेजारी. खिडकीची जागा तुझी."

तिने दुसरी खुर्ची ओढली, घड्याळाकडे पाठ करून बसली आणि त्याचा हात हातात घेतला. पाऊण तास त्याने तो सोडला नाही.