छाणीच्या शेगड्या

फरीदूनचा व्हॉइस मेसेज सकाळच्या चहाच्या वेळेला मोहनाच्या फोनवर आला आणि धवलभाईंनी तो मोठ्या हौसेने स्पीकरवर लावला. कौतुकच ऐकायला मिळणार, याची त्यांना खात्री होती. बडोद्याजवळच्या छाणीतल्या त्यांच्या पत्र्याच्या कारखान्यात आजवर धान्याच्या कोठ्या आणि कूलरच्या बॉड्या व्हायच्या. परदेशात माल गेला तो पहिल्यांदाच आणि तोही पुण्यकर्मासाठी. अफगाणिस्तानातल्या एका डोंगरवस्तीत भूकंपाने घरं पडली होती, माणसं बर्फात तंबू ठोकून राहिली होती. तिथल्या मदतसंस्थेत काम करणाऱ्या फरीदूनने त्यांच्यासाठी लाकडावर चालणाऱ्या बंद शेगड्या, तिकडच्या भाषेत बुखारी, करून मागितल्या होत्या. हा फरीदून बडोद्यातच शिकलेला. फतेगंजात खोली घेऊन राहिला, सेव उसळ खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच गेला. त्यामुळे शेगड्या म्हटल्यावर त्याला बडोदंच आठवलं.

"बुखारी बहुत अच्छी है, दीदी," त्याचा आवाज सांगत होता. "सब दुआ दे रहे हैं. बस, सुबह औरतों का सिर दुखता है, बच्चे उल्टी करते हैं. नया पेंट है, इसलिए ना?"

"पेंट ज छे," धवलभाई बशी खाली ठेवत म्हणाले. ते दांडिया बाजारात मराठी शेजारात वाढलेले, त्यामुळे कारखान्यात डिझाइन करणाऱ्या मोहनाशी बोलताना मराठी गुजरातीत बुडवून बोलत. "बे-त्रण दिवसात वास निघून जाईल. लिहून टाका, मोहनाबेन."

मोहनाने काही लिहिलं नाही. शेगडीचं डिझाइन तिचं होतं.

सकाळी डोकं दुखतं, उलटी होते. हेच शब्द तिने मैत्रेयीच्या तोंडून ऐकले होते. मैत्रेयी तिची मामेबहीण, वासण्याला राहायची. आंघोळ करून आली की डोकं धरून बसायची आणि घरातले सगळे म्हणायचे, पित्त झालंय, कोकम सरबत घे. बाथरूममध्ये गॅस गीझर होता आणि वारा येतो म्हणून वरच्या झरोक्यात वर्तमानपत्र कोंबलेलं होतं. एका सकाळी ती बाहेर आलीच नाही. कोंडलेल्या जागेत जाळातून जो विषारी वायू साचतो त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते, एवढंच. तेव्हापासून मोहना बाथरूमचं दार पूर्ण लावत नसे, मग घरात पाहुणे का असेनात.

शेगडीच्या धुराड्यात तिने एक गोल झडप बसवली होती, जाळ कमी-जास्त करायला. ती इतकी चपखल बसली की मोहनाला आपलाच अभिमान वाटला होता. मग शेगडी पेटवून पाहिली ती कुठे, तर कारखान्यात, शटर सताड उघडं ठेवून. बडोद्याची थंडी ती काय! पंखा बंद करायचा, बिनबाह्यांचा स्वेटर घालायचा आणि फोटो काढायचा. कारागीर घामाघूम झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पास झाली शेगडी. निजताना कुणी झडप गच्च लावून घेईल, लाकूड पुरावं म्हणून निखाऱ्यांची ऊब तंबूत कोंडून ठेवील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ज्याने थंडी सोसली आहे त्याला ते आधी सुचलं असतं.

"धवलभाई, पेंट नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "झडप आहे."

"अरे, शुं बोलो छो! दुसरा लॉट आज भरायचा आहे. उगाच अपशकुन नको."

ती त्यांच्याशी वाद घालत बसली नाही. शेजारच्या केमिकलवाल्याकडून विषारी वायू मोजायचा मीटर मागून आणला, वॉचमनच्या केबिनमधून त्याचं सामान बाहेर काढलं, आत शेगडी मांडली, शेजारी मीटर ठेवला आणि धुराडं छपरातल्या भोकातून वर काढलं. खिडकीच्या फटींना पॅकिंगची टेप लावली. लाकूड जळून निखारे झाले तशी तिने झडप लावली, झटकन बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. दोघं काचेतून बघत उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. धवलभाई "जोयुं?" म्हणून हसायला लागले, तेवढ्यात मीटर किंचाळला.

तो थांबेचना. धवलभाईंचं हसू तोंडावर तसंच राहिलं. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला आणि तिच्या हातात दिला.

"फरीदूनला लगावो. जलदी."

फरीदून वस्तीवर नव्हता, औषधं आणायला खाली गावात उतरला होता. वर डोंगरात फोन लागायचा तो एका टेकाडावर आणि तोही आभाळ मोकळं असलं तर. मोहनाने त्याला एकच गोष्ट विचारली.

"फतेगंज के बाथरूम में गॅस गीझर था ना? मकानमालिक क्या बोलता था?"

"जाली कभी बंद मत..." बोलता बोलता तो थांबला. "दीदी, ढक्कन रात को बंद करो, लकड़ी बचेगी, ये तो मैंने ही बोला था. हर तंबू में जाके. मेरी अम्मी के तंबू में भी."

त्याला पुढे काही समजावून सांगावं लागलं नाही. झडपेची खीळ काढायची, झडप ओढून बाहेर काढायची आणि जवळ ठेवायची, एवढं तिने सांगितलं. बर्फ पडत होतं, गाडी जाणार नव्हती. पायी जातो म्हणाला आणि फोन बंद झाला.

त्या संध्याकाळी मांजलपूरला घरी जाताना मोहनाला सिग्नल लाल की हिरवा हेसुद्धा उमगत नव्हतं. तो पोचला असेल का? पोचायच्या आत कुणी झडप लावून निजलं असेल तर? तिला तंबू दिसत होते, नीट गुंडाळलेली मुलं दिसत होती, आणि मुलं हलत का नाहीत ते बघायला तिला जवळ जाता येत नव्हतं. जेवताना वडिलांनी, दामोदररावांनी, काय झालं म्हणून विचारलं तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. मैत्रेयीला त्यांनीच खांद्यावर उचलून खाली आणलं होतं. ते ताटावरून उठले आणि घरातल्या सगळ्या खिडक्या उघडून आले.

दुसऱ्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी कारखान्यात आली. धवलभाई तिच्याही आधी आले होते आणि रात्रीचा डोळ्याला डोळा लागलेला नाही हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. झडपेचा पाव भाग कापून टाकला तर ती गच्च लागणारच नाही, ऊब राहील आणि वायूला वाट मिळेल, असा मोहनाचा हिशेब होता. कापलेली झडप बसवून केबिन बंद केली, तेव्हा मीटर गप्प राहिला. पण आता तिचा स्वतःच्या हिशेबावरच विश्वास राहिला नव्हता.

फोन दुपारी आला.

"सब ज़िंदा हैं, दीदी."

मोहना खाली पायरीवर बसली. धवलभाईंनी भिंतीकडे तोंड केलं. फरीदूनच्या मागे एक बाई कडाकडा बोलत होती, थांबायचं नाव घेत नव्हती.

"मेरी अम्मी हैं. बहुत गुस्सा हैं," फरीदून म्हणाला. "बिना ढक्कन के रात को लकड़ी खतम हो गई. सब बच्चों को गोद में लेके बैठे रहे. एक बूढ़े के पैर सुन्न पड़ गए. पूछती हैं, आज रात क्या करें?"

मोहनाने झडप कशी कापायची ते सांगितलं. त्याने ते आईला सांगितलं. पलीकडून बाई आता हळू आवाजात काहीतरी बोलली. तिचं ओरडणं परवडलं, असं मोहनाला वाटलं.

"अम्मी कहती हैं, पहले वाली भी तो तुम लोगों ने ठीक ही बोली थी. इसके साथ कोई सोया है क्या?"

दिवस मावळायच्या आत फोन करते, असं म्हणून मोहनाने फोन ठेवला आणि केबिनकडे चालू लागली.

"ना, मोहनाबेन!" धवलभाई आडवे आले. "मीटर आहे ने? बस थयुं!"

"मीटर माझ्या गळ्यात राहील. तुम्ही काचेतून बघत राहा. मान खाली गेली तर दार तोडा."

तिने निखारे केले, कापलेली झडप लावली आणि दार आतून ओढून घेतलं. टेप बाहेरून धवलभाईंनी लावली. आत उकाड्याने जीव नकोसा झाला. घामाची धार लागली. कपाळ जरा ठणकलं की तिला वाटायचं, हेच ते. जांभई आली तर ती दचकून उभी राहायची. मीटर गप्प होता; पण तो बिघडलेला तर नसेल? ती मोठमोठ्याने पाढे म्हणत राहिली, चुकतात का ते बघायला. मैत्रेयीलाही शेवटी अशीच जांभई आली असेल. मोहना इतकी भ्यायली होती की दोनदा तिचा हात कडीवर गेला. दोन्ही वेळा तिने तो मागे घेतला.

काचेपलीकडे धवलभाई पापणी न लववता उभे होते. त्यांच्यामागे ऊन उतरत गेलं. मग तिने स्वतःच फोन लावला. टेकाडावर सगळे तिच्या फोनची वाट बघत थांबले होते.

"दीदी, अम्मी वही पूछ रही हैं. कोई अंदर बैठा?"

"उनसे बोलो, मैं अंदर ही बैठी हूँ. दोपहर से."

फरीदूनने सांगितलं. वाऱ्यात दोन-तीन बायकांचे आवाज एकमेकांत मिसळले, आणि मग तीच बाई बोलली, थोडंसंच, न रागावता.

"क्या बोलीं?"

"कहती हैं," फरीदून म्हणाला, "बस, अब बाहर आ जा."