सात मिरच्या

"सोड गो, कान हाय तो, भाकरी नाय!" चंपाबाई खिचडीचा डाव हातात घेऊनच धावली.

चार वर्षांच्या सेजलनं हृतिकचा कान दातांत धरला होता. चंपाबाईनं मध्ये हात घातला, तेव्हा कान सुटला आणि तिचंच मनगट दातांत सापडलं. उमरठच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून बावीस वर्षं काढली होती तिनं, पण इतके धारदार दुधाचे दात पाहिले नव्हते.

सेविका आम्रपालीताई वैतागल्या. "हिच्या आजीला सांगा बाई, आणखी एकदा चावली तर घरीच ठेवा. बाकीच्या आया माझा जीव खातात."

चंपाबाईला वाईट वाटलं. पावसाळ्यात छाती भरू लागली त्याआधी हीच पोर तिच्या पदराआड उभी राहायची, नाव विचारलं तरी बोलायची नाही. आणि आता खिचडीचा डाव पळवून खिडकीच्या कट्ट्यावर चढून गाते काय, नाचते काय! पण आज एक गोष्ट दिसली होती. सेजलचे हात थरथरत होते. जवळ घेतलं, तर पाखरू फडफडावं तसं काळीज धडधडत होतं. नुसत्या रागानं असं होत नाही.

दुपारी ती सेजलला पोचवायला गेली. आईबाप बिरवाडीला कारखान्यात, पोर आजीपाशी. चावल्याचं ऐकताच आजी, येसूबाई, उठली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या पोरीवरून उतरल्या आणि चुलीत टाकल्या.

"काल पाच घातल्या, नीट ठसकाच नाय आला. एवढी जबर दृष्ट! आज सात."

सातांनी ठसका आला. कोंबड्यासुद्धा बाहेर पळाल्या. पण सेजलची छाती शिट्टी वाजवायला लागली. येसूबाईनं फळीवरची बाटली काढून दम्याचं औषध झाकणानं मोजून पाजलं.

"सकाळी पण पाजलंय. रोज असंच, दृष्ट उतरली की धाप. बाहेर निघते ना ती!"

चंपाबाई बसून राहिली. अर्ध्या तासात धाप बसली, आणि पोर उठली ती थेट कोंबड्यांमागे. हात पुन्हा थरथरत होते.

चावली की मिरच्या, मिरच्यांनी धाप, धापेला औषध, औषधानं थरथर, आणि पुन्हा चावा. चंपाबाईला हसू फुटलं, ते तिनं पदरात दाबलं. म्हातारीला सांगायचं कसं?

"येसूकाकी, उद्या पोलादपूरला जाऊ. डाक्तरीणबाईंना हिचे हात दाखवू."

"माझ्यात खोट काढतेस?"

"तुझ्यात नाय गो. बाटलीत."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "या औषधानं काही मुलं अशी बिथरतात. बरं झालं आणलंत. घरात धूर होतो का?"

येसूबाईनं मान खाली घातली.

"चुलीचा होतो," चंपाबाई पटकन म्हणाली. "आता पोरीला लांब ठेवू."

बाईंनी औषध बदललं, तोंडाला लावायचा पंप दिला, कसा वापरायचा तेही दाखवलं.

परतीच्या एसटीत येसूबाई चंपाबाईच्या जवळ सरकली. मग हळूच म्हणाली, "मीठ-मोहऱ्या तरी चालतील ना?"

"चालतील. पण चुलीत नको, पाण्यात टाक."

महिन्याभरात सेजल पहिल्यासारखी पदराआड उभी राहू लागली. आम्रपालीताई खूश, हृतिकचे दोन्ही कान शाबूत. चंपाबाईच्या मनगटावरचा वणही पुसत आला. तिला मात्र अधूनमधून कट्ट्यावरचं ते गाणं आठवायचं.

एकदा वाढताना तिनं खिचडीनं भरलेला डाव मुद्दाम सेजलच्या हाताशी ठेवला आणि बघत राहिली.

सेजलनं तो दोन्ही हातांनी उचलला, आणि एकही शीत न सांडता तिच्यापुढे धरला.