पाचवी टोपी

क्लबातल्या ड्वेनच्या हातातलं ते इवलंसं रिव्हॉल्व्हर आपल्या नवऱ्याचं, ऑरिनचंच, हे वेल्माने मे महिन्यातच ओळखलं होतं. पण आख्खा उन्हाळा बाई मूग गिळून बसली. चारचौघांत नाक कापायचं तर चारचौघं जमायला नकोत?

अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरातला हा त्यांचा जुन्या हत्यारांचा क्लब. इथे काडतुसांची भानगड नाही. चक्रीच्या पाच घरांत काळी दारू मोजून ओतायची, वर शिशाची गोळी दाबायची, तोंडाला चरबी फासायची आणि प्रत्येक घरामागच्या नळीच्या टोकावर ठिणगी पाडणारी तांब्याची टोपी बसवायची. टोपीवर घोडा आपटला की बार! ऑरिनला त्या धुराचं वेडच होतं.

तो अंथरुणाला खिळला तेव्हा ड्वेन ‘साफ करून आणतो’ म्हणून रिव्हॉल्व्हर घेऊन गेला, आणि मग त्याने चक्क कानांवर हात ठेवले. “मी कधी नेलं? बिचाऱ्याचं डोकं चालत नाही गं आता.” आणि वेल्माला ते पटलं! “तूच ठेवलंयस कुठेतरी, विसरलास,” असं ती नवऱ्याला शेवटपर्यंत ऐकवत राहिली. स्वतःला वेडा समजतच गेला बिचारा. ऑरिन गेल्यावर दोन वर्षांनी या मेल्या ड्वेनने तेच रिव्हॉल्व्हर ‘आजोबांचं’ म्हणून मिरवायला काढलं.

आज वर्षाची शेवटची स्पर्धा होती. झाडून सगळे आले होते. ड्वेनचे चार बार दणदणीत निघाले. पाचव्याला नुसतं टक्. मे महिन्यापासून दर वेळी हेच.

“टोप्याच भिकार आहेत!” तो करवादला.

“टोप्यांना कशाला शिव्या देतोस?” वेल्मा उठली. “आजोबांनी काही सांगितलं नव्हतं वाटतं?”

“काय सांगायचं?”

“की पाचवं टोक तुटलं होतं. ऑरिनने नवं बसवलं, जरा बारीक. बाकीच्यांना अकरा नंबरची टोपी लागते, त्याला दहाची. तू अकराचीच बसवतोस, मग ती ढिली राहून आधीच्या बारांच्या हादऱ्याने गळून पडते. आण इकडे.”

ड्वेनने आजूबाजूला पाहिलं. कोणी हसत नव्हतं. त्याने मुकाट्याने रिव्हॉल्व्हर दिलं. वेल्माने पर्समधल्या ऑरिनच्या डबीतून दहाची एक टोपी काढली, पाचव्या टोकावर दाबली आणि नेम धरला.

धडाम्!

धूर विरला. ड्वेनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“चुकलं माझं, वेल्मा. माफ कर मला.”

“मला काय सांगतोस? गाडीत बस. ऑरिनच्या कबरीवर जायचंय, सगळ्यांनी. त्याला मोठ्याने सांग, ‘ऑरिन, तुझं डोकं ठिकाणावर होतं’ म्हणून.”

“अगं, पण तूसुद्धा तेव्हा...”

वेल्माने रिव्हॉल्व्हर रुमालात गुंडाळलं. ते पर्समध्ये ऑरिनच्या डबीशेजारी ठेवलं.

“माहितीये मला,” ती म्हणाली. “तुझं झालं की माझी पाळी.”