उशिराचे एल

संध्याकाळपर्यंत एक कॉल तासभर न तुटता चालला नाही, तर बाहेरून तयार यंत्र मागवायचं, असं साहेबांनी सकाळीच सांगून टाकलं होतं. म्हणजे पोटुशी होण्याआधीपासूनचं तिचं काम थेट अडगळीत.

काम म्हणजे मोबाइलचा छोटेखानी टॉवर. एक रेडिओचं कार्ड आणि एक कॉम्प्युटर. कॉम्प्युटरने सिग्नलचा एकेक तुकडा कार्डाच्या हातात वेळेवर ठेवायचा. जरा उशीर झाला, की स्क्रीनवर ‘लेट’मधलं ‘एल’ हे अक्षर उमटायचं. एलची रांग लागली, की कॉल तुटलाच.

तिने आणि हार्डवेअर बघणाऱ्या तात्यांनी घड्याळाचा सिग्नल आणणारी वायर बदलली, मग कार्ड बदललं, शेवटी फोनही बदलले. एल आपले येतच होते.

“घड्याळाचा दोष असता तर सारखं चुकलं असतं,” ती म्हणाली. “हे मनात येईल तेव्हा रुसतं.”

“आणि तू चहाला गेलीस की गुणी बाळ! तुझ्यावरच डूख धरलाय बघ.”

ती हसली आणि हसता हसता थांबली.

बाहेरचा सिग्नल शिरू नये म्हणून ही खोली पत्र्याने मढवलेली होती. आत आपला मोबाइल मुका. त्यात लस टोचल्यापासून बाळाचं अंग कोमट. म्हणून वायरीच्या नेटवर, याच कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात, तिने घरचा कॅमेरा लावला होता. पाळणा, आणि शेजारी खुर्चीत सासूबाई. राहवलं नाही की ती चित्र मोठं करायची. चहाला जाताना मात्र कोणी बघू नये म्हणून बंद करायची.

तिने चित्र मोठं केलं. एल, एल, एल. बंद केलं. स्वच्छ.

“अगं, त्या चित्रापायी कॉम्प्युटरची दमछाक होतेय!” तात्यांनी कपाळाला हात लावला. “आणि आपण वायरी उपटत बसलोय!”

“साहेबांना सांगू नका हं.”

“काय सांगू? दोष सापडला, एवढंच.”

कॉल नव्याने लावला. साहेब येऊन पाठीशी उभे राहिले. उठायची सोय नव्हती. तिने माउसवरचा हात काढून मांडीखाली दाबून ठेवला. आता ताप चढला असेल का? रडत असेल का? स्क्रीनवर एकही एल नाही.

तास भरला. “चला, यंत्र मागवायला नको,” म्हणत साहेब गेले, तशी ती धावतच बाहेर आली. सासूबाईंना फोन लावला.

“आई, बाळ कसंय?”

“ताप उतरला. झोपलाय ढाराढूर. का गं, आत्ता कॅमेऱ्यात बघत नव्हतीस का?”

“नव्हते. कामात होते.”

“आधी सांगायचंस की! मी मेली मघापासून ताठ बसलेय. होते आता जरा आडवी.”