टाकीवरचा मुलगा

गुणाजी परबांनी आयुष्यात दोनच नोकऱ्या केल्या. आधी परळच्या गिरणीत कापड विणायचा साचा चालवला आणि गिरणी सुटल्यावर बोरीवलीच्या एका सोसायटीत पाण्याची टाकी सांभाळली. अभिमान मात्र त्यांना दुसऱ्या नोकरीचा. चार मजल्यांवर सकाळी चहा उकळतो तो आपण पंप चालू करतो म्हणून, असं ते स्वतःच सांगत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मुलगा नंदू फौजेत होता. एकाहत्तरच्या गणपतीत तो सुट्टीवर आला तेव्हा बापाने विचारलं, "थंय तुका काम काय रे?"

मोदक चावत नंदू म्हणाला, "टँकार आसंय, बाबा."

गुणाजींचा ऊर भरून आला. टँकवर म्हणजे टाकीवर; पोराने बापाचंच काम उचललं होतं, तेही जवानांची तहान भागवायला. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. टाकीबद्दल त्यांना कुणी काय सांगायचं? "वरचा झाकाण उघडा ठेवू नको," एवढी ताकीद मात्र दिली. नंदूने मान डोलावली. झाकण त्याच्या टँकलाही होतं.

दिवाळीनंतर गुणाजी बायकोला घेऊन मालाडच्या धोंडिरामांकडे नंदूसाठी मुलगी बघायला गेले. धोंडिराम कचेरीत कारकून, बोलणं इस्त्री केल्यासारखं. त्यांनी विचारलं, "मिलिटरीत मुलगा नेमकं काय करतो?"

"टाकीवर असतो. माझ्यासारखाच," गुणाजी म्हणाले, आणि मग त्यांना कोण आवरणार? गाळ कसा काढायचा, आत उतरून भिंती कशा घासायच्या, सगळं सांगून झालं. पत्नी द्रौपदी पदर ओढत होती. मुलगी, शकु, पोह्यांची बशी ठेवून तिथेच ऐकत उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी निरोप आला, योग जुळत नाही. खरं कारण मध्यस्थाच्या तोंडून निसटलं: बाप टाकीवर, मुलगा टाकीवर, आमच्या पोरीने काय बादल्या भरायच्या? द्रौपदीला शकु फार आवडली होती. ती रडली. गुणाजी रडले नाहीत, पण त्यांना ते फार लागलं. गिरणीत साहेबाच्या शिव्या खाल्ल्या त्याचं एवढं वाटलं नव्हतं.

डिसेंबरात लढाई पेटली. खिडक्यांना काळे कागद लागले. दुसऱ्या मजल्यावरचे गिल्बर्ट मास्तर शाळेत इंग्रजी शिकवायचे. ते जिन्यात पेपर वाचत होते, तेव्हा गुणाजी म्हणाले, "आमचा नंदू तिथेच असेल, पाणी देत. टँकवर आहे ना."

मास्तरांनी पेपरातला फोटो पुढे केला. "गुणाजी, अरे फौजेत टँक म्हणजे हा. रणगाडा."

गुणाजी पायरीवर बसले. आधी त्यांनी फोटोतल्या झाकणापाशी नंदू दिसतो का ते बघितलं. मग मालाडला आपण काय काय बोललो ते आठवलं, आणि कान तापले. "म्हणजे मी सगळ्यांना खोटंच सांगत फिरलो."

"कोण म्हणतो? पहिल्या महायुद्धात विलायतेत हे धूड बनवलं ना, तेव्हा गुपित फुटू नये म्हणून सांगितलं, पाण्याच्या टाक्या बनतायत. तेच नाव चिकटलं. तिकडे गोरे फसले, तू तर बोरीवलीचा." मास्तरांना आता चेव आला. "आणि इंग्रजांना हा शब्द मिळाला कुठून? आपल्याकडून. आपलं टाकं. कान्हेरीला डोंगरात खोदलेली टाकी बघितलीस ना? काही लोक म्हणतात, शब्द पोर्तुगीजांचा. गिल्बर्टपुढचं माझं आडनाव त्यांचंच, तरी मी सांगतो, शब्द आपलाच."

लढाई संपली, नंदू सुखरूप असल्याचं कळलं. गुणाजींनी मजल्यामजल्यावर पेढे वाटले आणि पेढ्याबरोबर शब्दाची कुळकथाही. ती मालाडपर्यंत पोचली, कारण एका रविवारी धोंडिराम आणि त्यांची बायको सुगंधा दारात उभे राहिले.

"बसा," गुणाजी म्हणाले. द्रौपदी पाणी आणायला उठली, तशी त्यांनी तिला डोळ्यांनीच थांबवलं. चार मजल्यांना पाणी पाजणाऱ्या माणसाने घरी आलेल्याला पाणी विचारलं नाही, हे ती पहिल्यांदाच बघत होती.

"गैरसमज झाला," धोंडिराम म्हणाले. "मला वाटलं, पाण्याची टाकी. रणगाडा म्हणाला असतात तर..."

"टाकीच ती. इंग्रजांनी आमचाच शब्द नेला आणि त्याला तोफ लावली. तुम्ही पाण्याला नाही म्हणालात. आता तोफेसाठी माझा मुलगा मिळायचा नाही."

द्रौपदी नवऱ्याला डोळ्यांनी खुणावू लागली. जुळत आलेलं नवऱ्याच्या रागापायी मोडणार, हे तिला दिसत होतं.

धोंडिराम उठू लागले. सुगंधाबाई जागच्या हलल्या नाहीत. "नाही यांनी म्हटलं होतं, परबानू," त्या म्हणाल्या. "शकु त्याच संध्याकाळी हो म्हणाली होती. पाण्याच्या टाकीलाच. म्हणाली, ज्या घरातला माणूस स्वतः आत उतरून टाकी घासतो, त्या घरात मला चालेल. यांनी ऐकलं नाही. तिने दुसरं स्थळ अजून बघू दिलेलं नाही."

गुणाजी उठले. ते स्वयंपाकघरात गेले. हंड्यात पाणी होतं, पण त्यांनी नळ सोडला, तांब्या काठोकाठ भरला आणि दोन पेले घेऊन स्वतः बाहेर आले.

"घ्या," ते म्हणाले. "आमच्या टाकीचा आसा."