कथील चढाला लागलं

ग्रीष्मातल्या उन्हात ताज्या वार्निशला जो उग्र, गोडसर, डोकं धरायला लावणारा वास सुटतो, तोच माझ्या लेखी अण्णांचा वास. गंगाखेडच्या आमच्या दुकानात जळालेल्या मोटरी भरण्याचं, म्हणजे त्यांत नव्यानं तांब्याची तार गुंडाळण्याचं काम चाले. वार्निश लावून दारापुढे वाळत ठेवलेल्या त्या वेटोळ्यांच्या तांबूस झळाळीत माझे वडील, धोतराचा सोगा खोचून, स्वतःशीच गुणगुणत बसलेले असत. जळालेली मोटर नुसती हुंगून ते विजेच्या तीन तारांपैकी कुठली, म्हणजे कुठला फेज गेला होता हे सांगत. मी परभणीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते; पण असं हुंगणं मला जन्मात जमलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या त्या अस्वस्थ वर्षांत एसटी कधी बंद पडेल याचा नेम नसे, म्हणून मी रेल्वेनं घरी येई. अशाच एका खेपेला कळलं की अण्णांना काचबिंदू झालाय. दृष्टीच्या कडा विझल्या होत्या, मधला रुपयाएवढा उजेड उरला होता; नळीतून पाहिल्यासारखं त्यांना जग दिसे. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आईनं तार हातात धरायला मनाई केली. अण्णांचं गुणगुणणं थांबलं, आणि ते मला मुळीच सोसेना.

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून मी एका मासिकातला लेख वाचून दाखवला. दूरदेशीच्या कारखान्यांत वितळलेला धातू हात न लावता, पळी न बुडवता, केवळ सरकत्या चुंबकीय क्षेत्राच्या ओढीनं ढवळतात, वाहवतात. अण्णा ताडकन सरळ बसले.

"म्हंजी मोटर गोल न करता आडवी पसरायची! फिरायच्या ऐवजी पुढं जाईल की ते!"

जे उमगायला मला दोन वर्षं आणि तीन पुस्तकं लागली, ते त्यांनी एका श्वासात गिळलं. खरं सांगते, मला हेवा वाटला.

"हे माझं शेवटचं वाइंडिंग," ते म्हणाले. "आयुष्यभर गरागरा फिरवलं. आता डोळ्यांदेखत एकदा सरळ चालवून बघू दे, बाई."

मग दुकानात उत्सवच भरला. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांची ओळीनं मांडलेली फणी, तिच्या दातांमध्ये केवळ बोटांच्या स्पर्शानं बसवलेली वेटोळी, वर अभ्रकाचा पातळ थर आणि त्यावर कुंभाराकडून भाजून आणलेली दोन विती लांबीची पन्हळ. कथील कल्हईवाल्याकडचं. पन्हळ त्यांनी मुद्दाम किंचित चढती ठेवली. उताराला काय, पाणीबी जातंय, असं म्हणत. आई कुरकुरत राहिली, पण स्टोव्ह तिनंच पेटवून दिला.

सगळं जुळलं त्या दिवशी दुपारी पोखर्णीचे मारोतराव आपली मोटर न्यायला आले ते तिथेच खिळले. मी वितळलेलं कथील पन्हळीच्या खालच्या टोकाशी ओतलं, अण्णांनी खटका दाबला. रुपेरी पृष्ठभाग थरथरला, गुणगुणला, आणि जागच्या जागी राहिला. माझ्यातली प्राध्यापिका लगेच जागी झाली.

"अण्णा, मधलं अंतर जास्त झालंय. जोर पुरणार नाही."

त्यांनी फणीवर तळवा टेकवला. "जोर हाय. दिशा न्हाई. एक फेज गेलाय बघ."

मी ओशाळले. तिन्ही फेज असले तरच लाट पुढे सरकते, हे मी दरसाल फळ्यावर लिहीत होते. आणि आमच्या भागात एखादा फेज गायब असणं हे रोजचंच होतं. आम्ही कथील पुन्हा स्टोव्हवर ठेवलं आणि वाट पाहिली. चारच्या सुमारास कोपऱ्यावरच्या खांबावरून लाइनमन उतरला. तिसरा फेज आला. पुन्हा ओतलं, पुन्हा खटका. कथील सळकन निघालं, पण खाली, उताराच्या काठाशी जाऊन थडकलं!

"मिस्त्री," मारोतराव खो खो हसले, "ह्याला करंट कशाला पायजे? उताराला आपसूकच जाईल की!"

माझा चेहरा पडला. अण्णांचा मात्र उजळला. "हसू नका. त्या खांबावरच्यानं वायरी अदलाबदल केल्यात. आज तुमचा पंपबी उलटाच फिरणार!"

मारोतरावांचं हसू जिरलं, कारण तसं त्यांच्या विहिरीवर कितीदा तरी झालं होतं. मी खटका बंद केला, अण्णांनी चाचपून दोन वायरींची अदलाबदल केली, आणि मी पुन्हा खटका दाबला.

आणि ते चढाला लागलं! तेजाळ ओठ पुढे काढून कथील हललं, क्षणभर अडखळलं, मग कुणीही न ढकलता, कुणीही न ओढता, त्या भाजल्या मातीवरून वर, आणखी वर सरकत गेलं आणि वरच्या टोकावरून थेंबाथेंबानं ताटलीत पडू लागलं.

"आयला, चढायलंय की!" मारोतरावांनी डोक्यावरची टोपीच काढली. मी शाळकरी पोरीसारखी उड्या मारत होते. एवढा निखळ आनंद मला माझी पदवी हाती आली तेव्हाही झाला नव्हता.

अण्णा हलले नव्हते. पन्हळीच्या खालच्या टोकावर नजर रोखून ते तसेच वाकलेले.

"निघाल्यालं दिसलं, बाई," ते हळूच म्हणाले. "पुढं न्हाई दिसलं. पोचलं का?"

दोन वितींची पन्हळ त्यांच्या उरलेल्या उजेडात मावली नव्हती. "पोचलं, अण्णा," मी म्हणाले, आणि ते कसं अडखळलं, कसं चढलं, थेंब कसे पडले, सगळं सांगत सुटले. ते डोळे मिटून ऐकत राहिले.

अण्णांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. अजूनही काही सुंदर घडताना पाहिलं की ते सांगायचे शब्द मी आधी मनात जुळवू लागते, आणि मग ध्यानात येतं की 'पोचलं का' म्हणून विचारणारं माणूसच काळानं नेलं आहे.