वाकड्या मण्यांचा सराव

हस्तकलेमुळं मुलांची बोटं चपळ होतात हे शिकवायला विक्रम सर खास बेळगावहून आमच्या शाळेत आले, तेव्हा मला हसूच आलं होतं. निपाणी आणि बोरगावच्या मधे आमचं गाव. मराठी शाळा, दोन खोल्या, चार इयत्ता आणि शिक्षक दोन: मुख्याध्यापक महादेव सर आणि मी. गावातल्या बहुतेक बायका घरी विड्या वळतात. शाळा सुटली की पोरीही आईशेजारी बसतात आणि वळू लागतात. हे गावाला माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, फक्त शाळेच्या कागदांना माहीत नाही.

विक्रम सर पूर्वी बेळगावच्या कॅम्प भागातल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. आता खादीचा झब्बा घालून खेड्यापाड्यांतल्या मुलांमधली कला शोधत हिंडतात. त्यांनी रंगीत कागदाच्या लांब पट्ट्या वाटल्या. पट्टी खराट्याच्या काडीवर घट्ट गुंडाळायची, टोक डिंकानं चिकटवायचं, काडी ओढून काढायची, झाला मणी. एवढं सांगायला सरांना अर्धा तास लागला, कारण मधे बोटांचा आणि मेंदूचा संबंध आला. सांगून झाल्यावर बघतात तर चौथीच्या पोरींपुढं मण्यांचे ढीग लागलेले. काडीला कुणी हातही लावला नव्हता.

त्यातही उपासनाचे मणी बघण्यासारखे होते. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. टोक तिनं चिकटवलं नव्हतं, नखानं आत दाबून बसवलं होतं, आणि तयार मण्यांची दोऱ्यानं बांधून बंडलंही केली होती. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी उपजत प्रतिभा त्यांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती म्हणे. तिच्या बोटांचा त्यांनी व्हिडिओ काढला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला: पुढच्या महिन्यात बेळगावात मुलांच्या कलेचं प्रदर्शन आहे, तिथं स्टेजवर बसून उपासना मणी करून दाखवणार.

उपासनाला शाळेत आजवर कुणी चांगलं म्हटलं नव्हतं. वाचताना अडखळणारी, पाढ्यांत चुकणारी पोर. 'प्रगती असमाधानकारक' हे मीच तिच्या कार्डावर तीन वर्षं लिहीत आले होते. त्या दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि बेळगावला कुठला फ्रॉक घालणार ते सांगून गेली. मग रोज येऊन किती दिवस राहिले ते विचारायला लागली.

व्हिडिओ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरला. विडीचं तोंड नखानं मिटायची ती पद्धत या भागात कुणाला ओळखू येणार नाही? तिसऱ्या दिवशी वरून, शिक्षण खात्याच्या ऑफिसातून, फोन आला, तुमच्या शाळेतली मुलं विड्या वळतात काय? पुढच्या सोमवारी तिथले साहेब स्वतः बघायला येणार होते. महादेव सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

आता एखाद्या साध्या माणसाला वाटेल, विड्यांबद्दल विचारलंय तर विड्यांचं काहीतरी करावं. आयांना बोलवावं, संध्याकाळी शाळा उघडी ठेवावी. मी तसं चाचरत सुचवलंही. पण सर अनुभवी. बोंब कशामुळं झाली, तर मुलांना मणी चांगले आले म्हणून. तेव्हा मुलांना मणी येताच कामा नयेत, असा त्यांनी निर्णय दिला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या शाळेत न येण्याचं शिक्षण सुरू झालं. आदर्श विद्यार्थी म्हणून समर्थला पुढं बसवलं. तो तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. घरी तंबाखूची थप्पी लागलेली, पण विडी वळायची वेळ त्याच्या खानदानात कुणावर आली नव्हती. त्याची पट्टी सुटायची, डिंक कोपरापर्यंत जायचा. सर कौतुकानं म्हणायचे, बघा, समर्थसारखं करा. मीही काही कमी नव्हते. पट्टी सैल धरावी, मधेच थांबून डोकं खाजवावं, अशा सूचना मी सुवाच्य अक्षरात फळ्यावर लिहून दिल्या. इतकं मन लावून पाठ मी डी.एड.लाही घेतला नव्हता.

बाकीच्यांना दोन-तीन दिवसांत वाकडं जमायला लागलं. उपासनाला काही जमेना. ती सैल धरायची, पण बोटं आपोआप आवळली जायची आणि पुन्हा सुबक मणी तयार. सर तिच्यावर डाफरले. मग मी तिला जवळ घेतलं आणि जे बोलायला नको ते बोलले.

"सोमवारी वाकडा केलास तर बेळगाव. सरळ केलास तर बेळगाव रद्द."

तिनं मान डोलावली. नंतरचे तीन दिवस मधल्या सुट्टीतही ती कोपऱ्यात बसून वाकडे मणी करत होती.

सोमवारी साहेब आले, खुर्चीत बसले, शहाळं प्याले. समोर पट्ट्या सुटत होत्या, डिंक सांडत होता, पोरं ठरल्याप्रमाणं डोकं खाजवत होती. उपासनाचा मणी तर असा झाला की समर्थलाही लाज वाटावी. साहेबांनी तो चिमटीत धरून पाहिला आणि समाधानानं खाली ठेवला. बालमजुरीचं कसलंही चिन्ह आढळलं नाही, असा शेरा त्यांनी कन्नडमधून लिहिला. खाली आणखी एक ओळ: मुलांच्या बोटांत कौशल्य अजिबात नाही, शिक्षकांनी लक्ष द्यावं. आम्ही दोघांनी आनंदानं सह्या केल्या. जाता जाता त्यांनी बजावलं की व्हिडिओतल्या मुलीला आता कुठंही पुढं आणू नका.

शाळेची जागा रिकामी जाऊ नये म्हणून बेळगावला समर्थ गेला. उपासनाला ताप आलाय असं मी विक्रम सरांना कळवलं. स्टेजवर समर्थनं एका मण्याला पाऊण तास घेतला आणि लोकांनी त्याच्या निरागसपणाला टाळ्या वाजवल्या. त्याच्या वडिलांनी गावच्या फाट्यावर अभिनंदनाचा बोर्ड लावला. उपासना त्याच बोर्डाखालून शाळेत येत राहिली.

आठवड्यानं तिची आई बायडाबाई शाळेत आली. विड्यांची पाटी वाहायला पदराची केलेली चुंबळ डोक्यावरच होती.

"बाई, पोरीला शाळंत काय शिकवलासा? तिच्या इड्या कारखानदार समद्या वाकड्या, छाट म्हणून फेकायलाय."

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. वाटलं, पोर रुसली, घरी मुद्दाम वाकडं करायला लागली, म्हणजे तिच्यात धमक आहे. मधल्या सुट्टीत मी तिला एकटीला बोलावलं, कपाटात उरलेली सोनेरी पट्टी तिच्या हातात दिली आणि सांगितलं, झालं गेलं विसर, आता तुला हवा तसा मणी कर.

तिनं पट्टी हातात धरली, पण वळली नाही. दाराकडं बघितलं.

"कोण येणार हाईत, बाई?"

कुणीच येणार नाही गं, मी म्हटलं, तुझ्या मनासारखा कर.

ती गोंधळली. पट्टी तिनं परत टेबलावर ठेवली.

"तसं न्हाय, बाई. आधी कोण येणार ते सांगा, मग कळंल चांगला करायचा का वाकडा."